दोन पेठांमधला रस्ता

बार्शी सोडून पूर्वेला निघालेला रस्ता पांगरीच्या पुढे बालाघाट चढतो, येडशीला माथ्यावर येतो आणि कसबे तडवळे, ढोकी, मुरुड करत लातूरला पोचतो. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, मुरुड आणि लातूर शहर लातूर जिल्ह्यात. मधला, घाटमाथ्यावरचा तुकडा धाराशिवचा. बार्शीकर याला लातूर रोड म्हणतात, लातूरकर बार्शी रोड म्हणतात. ज्या जिल्ह्याच्या पोटातून तो जातो, त्याचं नाव या रस्त्याला कुणी दिलं नाही. धाराशिवचे मोठे रस्ते सांगायला बसलं की नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद रस्ता आधी येतो, मग तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा करत बीडकडे जाणारा. हा आडवा रस्ता मागे राहतो. मला मात्र वाटतं, या जिल्ह्याची भरभराट कशी झाली आणि पीछेहाट कशी झाली, हे समजून घ्यायचं तर याच रस्त्याने जायला हवं.

अनेक दशकं हा राज्यमार्ग होता. १९४३ च्या डिसेंबरात नागपूरला देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद झाली आणि रस्त्यांची उतरंड ठरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतांचे महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते. आपल्याकडे त्यातूनच पुढे राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी वाटणी झाली. कोणता रस्ता कुणी सांभाळायचा, किती रुंद ठेवायचा, पैसा कुठल्या खात्यातून यायचा, हे सगळं त्या वाटणीवर ठरतं. किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असला की राज्यमार्ग, पिवळा असला की राष्ट्रीय महामार्ग. या रस्त्यावरचे दगड अलीकडच्या वर्षांत हिरव्याचे पिवळे झाले. आता हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६३. लातूरच्या पुढे उदगीर, देगलूर करत तो तेलंगणात शिरतो. पश्चिमेला बार्शीहून कुर्डुवाडीमार्गे टेंभुर्णी गाठली की पुणे-सोलापूर महामार्ग मिळतो. लातूरकरांना पुण्याला नेणारी वाट ती हीच. तिच्या चौपदरीकरणाची मागणी जुनी आहे आणि तिच्यासाठी लोकांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर बसावं लागलं आहे.

सुरुवात बार्शीपासून करू. एकोणिसाव्या शतकात बार्शी ही कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ होती. जवस, करडई, कापूस इथून मुंबईला जाई. हा माल बराचसा पिकत होता बालाघाटाच्या वर, निजामाच्या मुलखात. बैलगाड्यांनी तो घाट उतरून बार्शीला यायचा. १८५९ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ कुर्डुवाडीला पोचले. तिथल्या स्टेशनाला नाव दिलं गेलं बार्शी रोड, कारण त्या स्टेशनाचं खरं गिऱ्हाईक होतं बावीस मैलांवरची बार्शी. मधले बावीस मैल पुन्हा बैलगाडीच. रेल्वे मुंबईपर्यंत एका दमात माल नेणार आणि बार्शीहून स्टेशनापर्यंत त्याला बैलांच्या चालीने यावं लागणार, ही अडचण पुढे जवळजवळ चाळीस वर्षं राहिली.

ती सोडवली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने. त्याने १८९५ साली बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी गेजची लाईन सुरू केली. अडीच फुटी रेल्वे म्हटली की आज खेळण्यातली गाडी डोळ्यांपुढे येते, आणि तसं समजण्यात कॅलथ्रॉपवर अन्याय होतो. त्याचा विचार फार नेमका होता. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिन जड हवं असेल तर त्याला चाकं जास्त लावायची, आसावरचा भार वाढवायचा नाही. भार असा सारखा वाटला गेला की हलके रूळ चालतात, भराव कमी लागतो, पूल स्वस्तात होतात, आणि तरीही डब्यात भरपूर माल मावतो. गरीब मुलखाला परवडेल अशी पण कामाला पुरी पडणारी रेल्वे कशी बांधावी, याचा तो धडाच होता. अरुंद गेजच्या अभियंत्यांसाठी बार्शी हा नमुना ठरला.

१९११ साली ही लाईन घाट चढून येडशी, तडवळे, ढोकी, मुरुड करत लातूरला पोचली. १९२७ साली दुसरं टोक पंढरपूरवरून मिरजेला भिडलं आणि लातूर ते मिरज अशी २०२ मैलांची सलग लाईन झाली. लोकांसाठी ती शेवटपर्यंत 'बार्शी लाईट'च राहिली. तिकिटावर नाव कुणाचंही असो. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती विकत घेतली.

आपल्या रस्त्याच्या इतिहासात या रेल्वेचा वाटा मोठा आहे, कारण तिने रस्त्याला अनेक वर्षं दुय्यम करून टाकलं. बार्शी ते लातूर जाणारा लांब पल्ल्याचा माल रुळांवर गेला. रस्त्याकडे उरलं ते खेड्यातून स्टेशनापर्यंतचं गाडीवाटांचं काम. कळंबचा माल रेल्वेला लागायचा तो कसबे तडवळ्याला, म्हणून तिथल्या स्टेशनाचं नाव कळंब रोड. आजही तेच आहे. खुद्द धाराशिव गाव लाईनवर नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून रेल्वे धरायची तर येडशी गाठावी लागे. २००७-०८ साली गेज बदलून मोठी लाईन झाली, तेव्हा रूळ वळवून धाराशिव शहरातून नेले आणि शहराला रेल्वे स्टेशन मिळालं.

पांगरीपासून पुढे चढ लागतो. बालाघाटाचा हा चढ सह्याद्रीच्या घाटांसारखा अंगावर येत नाही. दोन-चार वळणं घेऊन गाडी माथ्यावर येते आणि बहुतेकांच्या लक्षातही येत नाही की आपण दोन नद्यांची खोरी ओलांडली. खाली बार्शीकडे पडलेला पाऊस भोगावतीतून सीनेला, सीनेतून भीमेला आणि शेवटी कृष्णेला जातो. माथ्यावर पडलेला तेरणेला मिळतो, तेरणेतून मांजरेला, मांजरेतून गोदावरीला. तेरणा उगम पावते तीही इथून जवळच, फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेरखेड्याच्या बाजूला. या चढाच्या दोन बाजूंचं पाणी शेकडो मैल एकमेकांपासून दूर जाऊन बंगालच्या उपसागराला वेगवेगळ्या मुखांनी मिळतं.

याच चढावर दोन राज्यांची हद्दही होती. खाली इंग्रजांचा मुलूख, वर निजामाचा. हा भाग मधली काही वर्षं इंग्रजांकडेही होता. १८५३ च्या तहात निजामाने तो कर्जापोटी त्यांना दिला, तेव्हा नळदुर्ग हे जिल्ह्याचं ठाणं होतं आणि कर्नल मेडोज टेलर तिथला डेप्युटी कमिशनर. १८६० साली मुलूख निजामाला परत मिळाला. त्यानंतर पुढची अठ्ठ्याऐंशी वर्षं घाटाखाली एक कायदा आणि घाटावर दुसरा. नाणंही वेगळं. खाली कलदार, वर हाली. सहा कलदारला सात हाली असा साधारण भाव. मालावर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, साधारण शेकडा पाच. शेतकऱ्याने पिकवलेला कापूस पेठेत न्यायचा तर हद्द ओलांडावी लागे, नाक्यावर थांबावं लागे, पैसे बदलून घ्यावे लागत. आणि हैदराबादच्या राज्यकर्त्यांचं लक्ष स्वाभाविकच हैदराबादकडे जाणाऱ्या सडकांकडे. परक्या मुलखातल्या बार्शीच्या पेठेला आपला माल नेणारा आडवा रस्ता सुधारण्यात त्यांना काय रस असणार? या रस्त्याचं जुनं दैन्य निसर्गाने दिलेलं नाही, ते हद्दीने दिलेलं आहे.

हद्दीचा दुसरा उपयोग मात्र लोकांनी करून घेतला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४७-४८ साली, सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवरच्या गावांत कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. त्यांतले काही बार्शी तालुक्यात होते. रझाकारांच्या अत्याचाराला कंटाळलेली कुटुंबं घाट उतरून बार्शीकडे आली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गवर चालून गेल्या, १७ तारखेला निजाम शरण आला, आणि घाटावरची हद्द संपली. नाके उठायला आणि हाली नाणं चलनातून जायला पुढे काही वर्षं लागली, पण एका राज्याच्या पेठेत दुसऱ्या राज्याचा माल ही जुनी अडचण सुटली. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि मग सोलापूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, ही दोन नावं एका राज्याच्या नकाशावर शेजारी-शेजारी बसली.

एसटीचाही इतिहास इथं दोन बाजूंचा आहे. मुंबई राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे धावली. निजामाच्या राज्यात मात्र त्याच्या सोळा वर्षं आधी, १९३२ साली, निजाम स्टेट रेल्वेने २७ गाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली होती. लोकांसाठी सरकारने बस चालवायची ही कल्पना मराठवाड्याच्या बाजूला आधी आली, हे आपण सहसा सांगत नाही. सांगायला हवं.

येडशी हे या रस्त्यावरचं नाक. इथं सोलापूर-बीड आणि बार्शी-लातूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीला निघालेले, नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेले, कुणाच्या हातात भवानी ज्योत, कुणाच्या गळ्यात कवड्यांची माळ, असे सगळे या चौकाच्या आसपास एकमेकांना ओलांडून जातात. येडशीच्या कुशीत रामलिंगाचं दाट झाडीतलं देऊळ आहे. पावसाळ्यात देवळाजवळ धबधबा कोसळतो. रावणाशी झुंजून जखमी झालेला जटायू इथं पडला, अशी श्रद्धा आहे आणि त्याची समाधीही दाखवतात. भोवतालचं जंगल १९९७ पासून येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. मोर, लांडगे, माकडं ही तिथली नेहमीची वस्ती. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर, साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला. एवढ्या वाटेत त्याने किती महामार्ग, किती रूळ, किती कालवे ओलांडले असतील! धाराशिव आणि बार्शी तालुक्यातल्या लोकांची झोप उडाली, जनावरं मारली गेली, पकडण्याचे प्रयत्न झाले. लोकांची भीती खरी होती, तिला नाव ठेवता येत नाही. पण एक गोष्ट त्या वाघाने सिद्ध केली: माणसाने आखलेल्या रस्त्यांच्या खाली जनावरांची एक जुनी वाट अजून शाबूत आहे. घाटातला रस्ता रुंद करताना त्या वाटेसाठी मोऱ्या मोठ्या ठेवणं, भुयारी मार्ग सोडणं, हे रस्त्याच्या अंदाजपत्रकातच यायला हवं. नंतर ते कुणी करत नाही.

येडशीच्या पुढे जमीन सपाट होते आणि माती काळी. रस्ते बांधणाऱ्यांना विचारलं तर ते सांगतील की त्यांची खरी परीक्षा घाटात नाही, इथं आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात सुकली की आकसते आणि भेगाळते. वर्षातून एकदा खालची जमीनच वरखाली होणार म्हटल्यावर वरचं डांबर किती दिवस टिकणार? त्यासाठी आधी मुरमाचा जाड थर टाकायचा, मग खडी, मग डांबर. आणि दोन्ही बाजूंना चर काढून पाणी रस्त्यापासून लांब ठेवायचं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. रस्ता आधी कडेला तुटतो, साईडपट्टी खचते, पाणी आत शिरतं आणि मग मधोमध खड्डा पडतो. पूर्वी यासाठी मैलकुली असत. ठरावीक अंतराचा रस्ता ठरावीक माणसांच्या ताब्यात. फावडं, घमेलं, टोपलीभर खडी घेऊन ते रोज आपल्या मैलावर फिरायचे, चर मोकळे करायचे, लहान खड्डा लहान असतानाच बुजवायचे, झाडांच्या बुंध्याला चुना-गेरूचे पट्टे मारायचे. त्यांची पदं कमी होत गेली आणि देखभाल ठेक्यावर गेली. माझं ठाम मत आहे की मैलकुली गेले तेव्हापासून आपले रस्ते लवकर म्हातारे होऊ लागले. मोठं यंत्र वर्षातून एकदा येऊन जे करतं, ते रोज फिरणाऱ्या माणसाच्या कामाची बरोबरी करू शकत नाही.

आणि या खडीबद्दल बोलायचं तर १९७२ टाळून पुढे जाता येणार नाही. त्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. धाराशिव जिल्ह्यातले कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव त्या कामांवर झाले. खडी फोडायला बाया बसायच्या. कडेवरचं मूल शेजारी सावलीला फडक्यावर निजवलेलं, हातात हातोडी, समोर दगडांचा ढीग. संध्याकाळी फुटलेल्या खडीची मापं घेतली जायची आणि ब्रासच्या हिशोबाने मजुरी मिळायची. मुलांना खायला सुकडी. ज्या पिढीने ते दिवस काढले, तिला सुकडीची चव आजही सांगता येते. या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी देशाने तो उचलला. आपण ज्या रस्त्यांवरून गाड्या पळवतो, त्यांच्या पोटात त्या बायांनी फोडलेली खडी आहे. त्यांची नावं कुठल्याही कोनशिलेवर नाहीत.

कसबे तडवळे लागतं. दिसायला रस्त्यावरचं एक मोठं गाव. पण २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला इथं महार-मांग वतनदार परिषद झाली आणि तिच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. वतनाच्या नावाखाली गावाची राबणूक करायची आणि बदल्यात तुटपुंजं बलुतं घ्यायचं, या जोखडाविरुद्धचा तो लढा होता. बाबासाहेबांचा मुक्काम इथल्या शाळेत होता. दर फेब्रुवारीत लोक आठवणीने येतात. एरवी गाड्या न थांबता निघून जातात.

पुढे ढोकी. इथं तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आहे, मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांपैकी एक. त्याने चांगले दिवस पाहिले, मग अनेक वर्षं तो बंद राहिला, आणि अलीकडे भाडेतत्त्वावर त्याचं धुराडं पुन्हा पेटलं. कारखाना बंद असतो तेव्हा फक्त सभासद अडचणीत येत नाहीत. वाहतूकदार, गॅरेजवाले, टायरवाले, चहाच्या टपऱ्या, आठवडी बाजार, सगळे मंदावतात. रस्त्यावरची रात्रीची वर्दळसुद्धा. गळीत हंगामात याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, मागचा दिवा बहुतेक वेळा नसतोच, आणि त्यावर आदळून दरवर्षी माणसं मरतात. ट्रॉलीला मागे लाल कापड आणि चमकणारी पट्टी लावणं हे चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे. ते न केल्याने घरातला कर्ता जातो.

हंगामाच्या तोंडाला उलट्या दिशेनेही गर्दी असते. वाशी, भूम, कळंब आणि बीडच्या बाजूची ऊसतोड कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. ट्रकवर संसार, वर बायका-पोरं, कडबा, शेळ्या, बैलगाडीची चाकं. दिवाळीनंतर जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशोब. बालाघाटाच्या दुष्काळी माथ्यावरून खालच्या पाणीदार पट्ट्याकडे माणसं वाहून नेणं, हेही या रस्त्याचं एक काम आहे, आणि ते कमी झालं तर मला आनंद होईल.

ढोकीहून एक फाटा तेरला जातो. महामार्गावरून जाणाऱ्या शंभर गाड्यांतली एखादी तिकडे वळत असेल. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र मुख्य रस्ता तिकडेच जात होता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची आणि बाजारांची वाटाड्या-पोथी लिहिली. तिचं नाव 'पेरिप्लस'. त्यात दक्षिणापथातल्या दोन मोठ्या पेठा सांगितल्या आहेत. एक पैठण, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर; पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, फार मोठं शहर. तगरहून साधं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जातो, असं तो लिहितो. तिथून जहाजांनी तांबडा समुद्र आणि रोमन जगाकडे.

हे तगर कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात पंडितांचा मोठा वाद झाला. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावं सुचवली गेली. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे त्या शहराचा लौकिक हजार वर्षांनंतरही टिकून होता. पण शहर मात्र नकाशावर सापडत नव्हतं. १९०१ साली जॉन फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, हे मांडलं. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी तेरला येऊन तिथलं त्रिविक्रम मंदिर पाहिलं आणि ओळखलं, की विटांची, मागच्या बाजूला अर्धगोल असलेली ही इमारत मुळात चैत्यगृहाच्या घडणीची आहे. लेण्यांत कोरलेली चैत्यगृहं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, उघड्या जमिनीवर विटांनी बांधलेलं आणि आजवर छपरासकट उभं असलेलं फार दुर्मीळ. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी इथं उत्खनन केलं, पुढेही उत्खननं झाली. सातवाहन नाणी, मणी, शंखाच्या वस्तू, भाजक्या मातीच्या आणि चिनी मातीसारख्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती, रोमन धाटणीचे दिवे निघाले. हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती मिळाली. तिची जवळची बहीण ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली आहे. तेरणेच्या काठावरच्या कारागिरांचं आणि भूमध्य समुद्राचं नातं दाखवणारा याहून बोलका पुरावा दुसरा नाही.

या सगळ्यातलं बरंच काही वाचलं ते तेरच्याच एका गृहस्थामुळे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, नदीकाठी, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आणि त्या संग्रहातून तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. त्याला त्यांचं नाव आहे. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखाही तिथंच ठेवली आहे. आणि तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव. मडकं कच्चं की पक्कं हे पाहावं तसं त्यांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ती गोष्ट इथली. त्यांची समाधी तेरणेच्या काठी आहे.

लातूरची कथा त्यामानाने नवी. १९११ ला रेल्वे आली, १९१७ ला गंजगोलाईची आखणी झाली. मधोमध गोल बाजार आणि त्याला मिळणारे सोळा रस्ते. बार्शी लाईटचं शेवटचं स्टेशन असल्यामुळे सगळ्या पंचक्रोशीचा माल तिथं येऊन थांबला आणि अडत वाढली. १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. तूर, हरभरा, सोयाबीनचा भाव मराठवाड्यात आज लातूरकडे बघून ठरतो. म्हणजे रस्त्याच्या पश्चिम टोकाला एक पेठ, पूर्व टोकाला दुसरी, आणि मधला धाराशिवचा मुलूख माल पिकवून दोन्हीकडे पाठवतो. दोन हजार वर्षांपूर्वी पेठ मध्यावर होती. हद्दीने आणि रेल्वेने ती दोन टोकांना ढकलली. जिल्ह्याच्या मागासपणाची कारणं पावसात शोधली जातात, त्यातलं निम्मं तरी कारण या ढकलाढकलीत आहे, असं माझं मत झालं आहे.

पाऊसही आहेच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली. दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढे एकेका खेपेत पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, ढोकी, लातूर. धाराशिवजवळचं नवं वळण सोडलं तर कॅलथ्रॉपच्या कंपनीने घातलेला तोच मार्ग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कृष्णेचं पाणी बालाघाट चढून मांजरेच्या खोऱ्यात गेलं. त्या गाड्या जाताना ढोकी-तडवळ्याच्या बायका डोक्यावर घागरी घेऊन टँकरची वाट पाहत होत्या, कारण दुष्काळ लातूर शहराची वेस पाहून थांबलेला नव्हता. मध्यावरच्या गावांजवळून सगळं जातं, त्यांच्यासाठी थांबत नाही, ही तक्रार तेव्हा फार जुनी होती आणि फार खरी.

आता या रस्त्याचं रुंदीकरण व्हायचं आहे, काही ठिकाणी झालं आहे. ते व्हावं. अपघात पाहता ते लवकर व्हावं. पण ते करताना तीन गोष्टींचा आग्रह धाराशिवच्या लोकांनी धरला पाहिजे. कडेचे जुने वड, चिंचा, कडुनिंब तोडावे लागले तर कामाच्या ठेक्यातच त्यांच्या बदली झाडांची पाच वर्षांची निगा लिहून घ्यावी. नुसतं रोप लावून फोटो काढणं चालणार नाही. रामलिंग घाटात जनावरांना ओलांडायला जागा सोडावी. आणि ढोकीच्या फाट्यावर, दुरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, तेरचा फलक लागावा: प्राचीन तगर नगर, वस्तुसंग्रहालय, गोरोबाकाकांची समाधी.

फलक लागेपर्यंत वाचकांनी आपणहून वळायला हरकत नाही. लातूरला जाताना तास-दोन तास हाताशी ठेवा, ढोकीहून तेरला जा, आधी त्रिविक्रम मंदिर बघा, मग संग्रहालय. मुलं बरोबर असतील तर फारच चांगलं. संग्रहालयाचा सुट्टीचा वार मात्र आधी विचारून घ्या.